बाळंतविडा

बाळंतविडा : बाळंतीण व तिचे नवजात अर्भक यांच्यासाठी सिद्ध केलेला किंवा त्यांना भेटीदाखल दिलेला वस्त्रांचा व इतर वस्तूंचा संच. बाळंतिणीसाठी लुगडे, खण, खारीक-खोबरे, डिंक, बाळंतशेपा इ. वस्तू आणि बाळासाठी दुपटे, कुंची, अंगडे, टोपडे, झबले, लंगोट व लहान गोधडी असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी गर्भवतीच्या अखेरच्या महिन्यांत शिवून ठेवलेली दुपटी व बाळुती आणि प्रसूतीनंतर आप्तेष्टांनी आणलेले नवे कपडे, असे त्याचे दोन भाग पडतात. या दोहोंमधील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जन्मापूर्वीची तयारी जुन्या कापडाची असे. नव्या कापडाला जन्मानंतर, तेही काही दिवस लोटल्यावर स्थान मिळे. या क्रमामागे काटकसर, बाळाच्या त्वचेची काळजी आणि अर्भक जगेल की नाही ही धास्ती अशी तीनही कारणे होती. हा क्रम कसा रूढ झाला व कसा बदलला, हा महाराष्ट्रातील अर्भकांच्या जगण्या-मरण्याच्या इतिहासाचाच एक भाग होय.

संज्ञा व प्रकार : जुन्या कापडांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवलेल्या अंथरुणा-पांघरुणास महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ म्हणतात. कर्नाटकाच्या सीमेलगत तिला कौदी असे नाव आहे. बाळासाठी केलेले लहान, मऊ व कमी थरांचे पांघरूण म्हणजे दुपटे. दोन पदरांचे ते दुपटे, अशी त्याची व्युत्पत्ती सांगता येते. बाळाखाली घालावयाच्या व वारंवार बदलावयाच्या धुवट तुकड्यांना बाळुती ही संज्ञा आहे. कुंची हे डोके, कान व पाठ एकत्र झाकणारे वस्त्र असून, आयताकार कापड मध्ये दुमडून त्याची एक कड शिवली की डोक्याकडचा भाग तयार होतो व उरलेले कापड पाठीवरून खाली सोडले जाते. सणासमारंभाची कुंची खणाची वा रेशमी कापडाची व जरीच्या काठाची, तर रोजची साध्या सुती कापडाची असे. अंगडे व टोपडे यांना गुंड्यांऐवजी बंद असतात. गुंडी बाळाच्या अंगाला रुतते किंवा तुटून तोंडात जाते, हे त्याचे व्यावहारिक कारण. अंगडे समोरून उघडे असल्याने मान न सावरणाऱ्या बाळाला ते डोक्यावरून घालावे लागत नाही.

‘सुईण’ या शब्दाचा सुईशी संबंध असावा असे वरवर वाटते. परंतु तो संस्कृतातील सूति म्हणजे प्रसूती या शब्दाशी निगडित आहे. बाळाचे कपडे शिवणे हे सुइणीचे काम नव्हते. ते आजी, आई, मावशी, आत्या अशा घरच्या स्त्रियांकडे असे. पहिली प्रसूती माहेरी करण्याची रूढी असल्यामुळे पहिल्या बाळाची दुपटी बहुधा आईच्या आईच्या हातची असत.

प्राचीन संदर्भ : नवजात बाळासाठी वेगळे दालन व वेगळी वस्त्रे असावीत हा विचार भारतात जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागार म्हणजे प्रसूतीचे दालन व कुमारागार म्हणजे बाळाचे दालन यांचे वर्णन आले आहे. बाळाचे अंथरूण, पांघरूण व बसण्याची जागा मऊ, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावी. घाम, मळ, मूत्र व विष्ठा यांनी दूषित झालेली आणि जंतू पडलेली वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी मिळण्याजोगी नसतील, तर तीच उत्तम रीतीने धुऊन, धुरी देऊन, कोरडी करून वापरावीत, असे तेथे सांगितले आहे. या उपदेशातील अखेरचा भाग महत्त्वाचा आहे. प्रत्येक घरी वस्त्रांची विपुलता नसते, हे ग्रंथकाराने जाणले होते आणि तेच कापड पुन्हा निर्दोष कसे करावे याचीही वाट दाखवून दिली होती. महाराष्ट्रातील घरांतून विसाव्या शतकातही ओवा, वावडिंग, ऊद यांची धुरी बाळाला व त्याच्या कपड्यांना देत. धुराने नवजात बाळाच्या श्वसनमार्गाला अपाय होतो, हे आता मान्य झाल्यामुळे आधुनिक वैद्यक त्याऐवजी साबणाने धुणे व उन्हात कडकडीत वाळवणे यांवर भर देते.

सामान्य मराठी कुटुंबात कुमारागारासारखे स्वतंत्र दालन क्वचितच असे. मुलांसाठी वेगळी खोली सजविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या सुखवस्तू घरांत वाढली. महाराष्ट्रात बाळंतिणीची खोली हीच बाळाची खोली होती. वाऱ्यापासून दूर असलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी आणि आईच्या कुशीत बाळ अशी व्यवस्था असे. बारशानंतर पाळणा येई. शेतात काम करणाऱ्या स्त्रियांची मुले लुगड्याच्या झोळीत, झाडाच्या फांदीला टांगलेली निजत. खोली सजविण्यापेक्षा बाळाच्या अंगाभोवतीचे कापड सिद्ध करणे, हेच तयारीचे मुख्य अंग होते.

भोर-वेल्हे परिसर : ही परंपरा ज्या परिस्थितीत वाढली तिचे एक चांगले उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेकडील भोर-वेल्ह्याचा मुलूख घेता येईल. वरवे बुद्रुक हे गाव भोर तालुक्यात, पुण्याच्या दक्षिणेस सु. ३० किमी.वर, सातारा मार्गाच्या बाजूस शिवगंगेच्या खोऱ्यात आहे. वरवे खुर्द हे त्याचे जोडगाव. बुद्रुक म्हणजे थोरले व खुर्द म्हणजे धाकटे, असा या मूळ फार्सी शब्दांचा अर्थ आहे. आजच्या भोर तालुक्याचा बराच प्रदेश पंत सचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे. ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.

या प्रदेशात पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग असून पावसाचे प्रमाण पूर्वेकडून पश्चिमेकडे झपाट्याने वाढते. पावसाळ्यात घरातील हवा आठवडेच्या आठवडे दमट राहते, तर पौष-माघात रात्री बऱ्याच थंड असतात. भात, नाचणी, वरी यांसारखी पिके येथे होतात. कापूस मात्र होत नाही. कापसाचे मुख्य प्रदेश खानदेश व वऱ्हाड हे होत. परिणामी कापड ही येथील शेतकरी कुटुंबाला विकत घ्यावी लागणारी, रोख पैशाची वस्तू होती आणि रोख पैसा वर्षातून मोजक्याच वेळी हाती येई. धनगरांनी विणलेली घोंगडी पावसापासून व थंडीपासून मोठ्या माणसांचे रक्षण करी. पण तिची भरड लोकर तान्ह्या बाळाच्या त्वचेस सोसत नसे. त्यामुळे घरातील जुने सुती लुगडे व धोतर हेच बाळासाठी उपलब्ध असलेले सर्वांत मऊ कापड होते. पावसाळ्यात बाळुती लवकर वाळत नाहीत, म्हणून आषाढ-श्रावणात जन्मणाऱ्या बाळासाठी त्यांची संख्या अधिक लागे. चुलीवरच्या वलणीवर ती वाळत घालावी लागत. उन्हाळ्यात शेतीची कामे हलकी असताना गोधड्या शिवून होत, तेव्हाच घरातील गर्भवतीसाठी दुपटीही शिवली जात.

साहित्य व रचना : नऊवारी लुगड्याची लांबी नऊ वार म्हणजे सु. ८·२ मी. असते. नेसण्याच्या पद्धतीमुळे काष्ट्याचा व बसण्यात येणारा भाग प्रथम विरतो. उरलेला भाग वापराने व धुण्याने मऊ झालेला असला, तरी धड असतो. एका जुन्या लुगड्याचे असे धड भाग वेगळे केले, की साधारण एक मीटर लांबी-रुंदीच्या दोन-तीन दुपट्यांचे कापड निघे व उरलेल्या तुकड्यांची बाळुती होत. धोतराचे कापड पांढरे व अधिक मऊ असल्याने ते बाळाच्या अंगाकडील बाजूस लावीत.

मोठ्या गोधडीत अनेक थर असतात. दुपट्यात दोन ते चार. अस्तराचे कापड जमिनीवर ताणून पसरतात, त्याच्या कडांवर वजने ठेवतात, मधले थर सुरकुती न पडेल असे मांडतात आणि वरचे कापड घालून कडा आत दुमडतात. शिवण कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन असे फेरे घेत मध्याकडे जाते. टाका साधा धावदोऱ्याचा असतो. बाळाच्या दुपट्यात टाके लहान व जवळ घेतात आणि दोऱ्याची गाठ थरांच्या आत दडवितात. ती बाहेर राहिल्यास बाळाला टोचते. शिवणीच्या ओळी जवळजवळ असल्याने वारंवार धुतल्यानंतरही आतील थर गोळा होत नाहीत. थरांच्या मध्ये स्थिर हवा कोंडून राहते व ती उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे एका जाड कापडापेक्षा अनेक पातळ थर अधिक ऊब देतात. मऊपणा, शोषकता व ऊब हे तीनही गुण वापरलेल्या सुती कापडात एकत्र येतात. नव्या कापडाला खळ असते व ते कडक असते. खळ पूर्णपणे जाईपर्यंत ते पाणीही नीट शोषत नाही.

अशीच रचना भारतात अन्यत्रही आढळते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कवंद नावाची गोधडी कडेपासून मध्याकडे शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर फूल नावाच्या त्रिकोणी घड्या लावतात. बाळांसाठी त्या लहान कवंदही करतात. बंगालमधील कांथा व बिहारमधील सुजनी हे प्रकार सर्वश्रुत आहेत. सुजनी मुळात नवजात बाळाला गुंडाळण्यासाठी जुन्या कापडांच्या चिंध्या जोडून करीत आणि तिचा संबंध चितरिया माँ या चिंध्यांच्या देवतेशी जोडला जाई. कांथा व सुजनी यांवर भरतकामाची चित्रे असतात. मराठी दुपट्यावर असे चित्रण सहसा नसते. त्याचे सौंदर्य रंगांच्या जुळणीत व टाक्यांच्या सरळपणात दिसते. यामुळेच कलावस्तू म्हणून त्याच्याकडे उशिरा लक्ष गेले.

रूढी व समजुती : गर्भवतीचे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, त्या वेळी तिला हिरवे लुगडे, फुले व आवडीचे पदार्थ देतात. बाळासाठी मात्र या समारंभात नवे कपडे आणण्याची पूर्वी चाल नव्हती. जन्मापूर्वी नवे अंगडे-टोपडे शिवू नये, पाळणा आणू नये, अशी समजूत होती व काही घरांतून ती अद्याप पाळली जाते. याउलट जुन्या कापडाची दुपटी शिवून ठेवण्यास आडकाठी नव्हती. ती घरात नेहमीच लागणारी वस्तू असल्याने तिच्यामुळे भावी बाळाविषयीची आशा उघडपणे बोलून दाखविल्यासारखे होत नसे. ग्रहणकाळात गर्भवतीने सुई, कात्री वा विळी हाती धरू नये, अन्यथा बाळाच्या अंगी व्यंग येते, असाही समज होता. दुभंगलेल्या ओठासारख्या व्यंगांची कारणे आनुवंशिक व इतर असून त्यांचा ग्रहणाशी वा शिवणकामाशी संबंध नाही, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे.

जन्मानंतर बाळाला प्रथम जुन्या कापडात, शक्य तर दीर्घायुषी आजीच्या लुगड्यात किंवा आजोबांच्या धोतरात गुंडाळीत. त्यांचे आयुष्य बाळाला लाभावे, ही त्यामागील भावना. पाचवी व सटवाईची पूजा झाल्यावर आणि मुख्यतः बाराव्या दिवशी, बारशाला, बाळाला नवे अंगडे व कुंची घालीत. याच वेळी आत्या, मावशी व शेजारणी बाळंतविडा घेऊन येत. बाळाला नाव आणि नवे कापड एकाच दिवशी मिळे. जन्मानंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात, हे अनुभवाने ठाऊक असलेल्या समाजाने ते ओलांडल्यानंतरच त्या जिवाला कुटुंबात रीतसर स्थान दिले, असा या क्रमाचा अर्थ लावता येतो.

ज्या घरी आधीची मुले दगावली असतील, तेथे ही काळजी अधिक तीव्र रूप घेई. धोंडू, दगडू, केरू, भिकू यांसारखी नावे अशा मुलांना ठेवीत. मृत्यूला किंवा दृष्ट लावणाऱ्याला हे मूल नकोसे वाटावे, हा त्यांमागील हेतू. अशा मुलासाठी इतरांच्या घरून कापड मागून आणीत व त्याचे अंगडे शिवीत. मागून आणलेल्या चिंधीचे कपडे घातलेले मूल जणू आपले नव्हेच, असे भासविले जाई. दारिद्र्य नसलेल्या घरांतही ही प्रथा असल्यामुळे, जुन्या कापडाचा वापर केवळ गरिबीतून झाला असे म्हणता येत नाही.

या रूढीची दुसरी बाजूही होती. प्रसूतीचा दहा दिवसांचा सोयर पाळला जात असे व त्या काळात वापरलेले कापड विटाळलेले मानीत. ते पुढे घरात घ्यावयाचे नसल्याने प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी अनेकदा घरातील सर्वांत टाकाऊ, कधी मळकटही चिंध्या बाजूला काढून ठेवीत. म्हणजे बाळाला पांघरण्यासाठी मायेने शिवलेले धुवट दुपटे आणि त्याच बाळाच्या नाळेजवळ अस्वच्छ फडके, अशी विसंगती एकाच खोलीत नांदे. मऊ जुने कापड व मळके जुने कापड यांतील भेद रूढीने केला नाही. तो पुढे आरोग्यशास्त्राला शिकवावा लागला.

शिंपी, गिरणी व शिवणयंत्र : गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होई. संत नामदेवांचे कूळ शिंप्याचे होते. बारशाची कुंची, अंगरखा, चोळी यांसारखी कापून शिवावयाची वस्त्रे शिंपी करी. न कापता थर लावून शिवावयाची गोधडी-दुपटी घरच्या स्त्रिया करीत. ही कामाची वाटणी दीर्घकाळ टिकली. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणी स्थापन केली आणि पुढील काही दशकांत गिरणीचे स्वस्त कापड रेल्वे व बैलगाड्यांनी आठवडे बाजारांत पोहोचले. घाटमाथ्यावरील गावांतून मुंबईस गिरणीकामासाठी गेलेले पुरुष सणाला परतताना कापड आणू लागले. लुगडी अधिक मिळू लागली तशी जुनी लुगडीही अधिक झाली व गोधड्यांची संख्या वाढली. गोधडी ही फार पुरातन काळापासून आहे त्याच रूपात चालत आलेली वस्तू नसून गिरण्यांच्या काळातच ती घरोघरी विपुल झाली, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो.

अमेरिकेत आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये शिवणयंत्राचे एकस्व मिळाले व त्यांच्या कंपनीची यंत्रे एकोणिसाव्या शतकातच भारतात आली. १९३५ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेल्या जय एंजिनिअरिंग वर्क्स या कारखान्याच्या ‘उषा’ यंत्रांमुळे स्वातंत्र्योत्तर काळात ते मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. दरम्यान मुलींच्या शाळांतून शिवण हा विषय रूढ झाला होता. मिशनरी शाळांनी विणकाम व क्रोशाकाम यांचा प्रसार केला आणि लोकरीची टोपडी व पायमोजे बाळंतविड्यात आले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने प्रौढ स्त्रियांना शिवणकाम शिकविले, त्याचप्रमाणे परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणालाही हात घातला. बाळाचे कापड आणि बाळाचा जन्म या दोन्ही गोष्टी शिक्षणाचा विषय होऊ शकतात, हे अशा संस्थांनी प्रथमच दाखविले. शिवणयंत्राने झबली व अंगडी घरी होऊ लागली. दुपट्याचे काम मात्र बराच काळ हातशिलाईचेच राहिले, कारण यंत्राची घट्ट शिवण अनेक थरांना कडक करते.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची तीव्र टंचाई झाली. १९४३ मध्ये कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रण आले. लुगडे मिळणेच कठीण झाल्याने ते अधिक काळ नेसले जाई व दुपट्यासाठी हाती येई तेव्हा त्यात फारसा जीव उरलेला नसे. ठिगळांवर ठिगळे लावून शिवलेली वाकळ ही त्या काळाची खूण म्हणून अनेक कुटुंबांच्या आठवणीत राहिली.

अर्भकमृत्यू व वस्त्र : या तयारीवर मृत्यूची छाया किती गडद होती, याची कल्पना काही नोंदींवरून येते. भारतातील पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयाशी या घटनेचा संबंध जोडला जातो. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात १८८६ मध्ये पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषयही प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. १९२१ मध्ये मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे अर्भकमृत्यूंची संख्या ६०० हून अधिक होती. अनेक जन्म गावी होत वा नोंदविले जात नसल्याने हा आकडा फुगलेला होता. तथापि चाळींतील दाट वस्ती, दूषित पाणी व साथी यांची भीषणता त्यातून दिसते. १९७१ मध्येही भारतात दर हजार जन्मांमागे सु. १२९ अर्भके वर्षाच्या आत मरत. अशा स्थितीत जन्मापूर्वी नवे कपडे शिवून ठेवण्यास माता का धजत नसत, हे सहज उमगते.

अस्वच्छ हत्याराने नाळ कापणे व नाळेवर दूषित पदार्थ वा फडके लावणे यांमुळे नवजात बाळाला धनुर्वात होई. गर्भवतीला दिली जाणारी धनुर्वाताची लस, निर्जंतुक पाते व स्वच्छ कापड यांमुळे तो आटोक्यात आला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित केले. दुसरा धोका थंडीचा. नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६·५° ते ३७·५° से. या दरम्यान असावे लागते. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने व ओल्या अंगातून उष्णता जलद निघून जात असल्याने, विशेषतः कमी वजनाचे बाळ, उबदार हवामानातही थंड पडू शकते. त्याला लगेच कोरडे करणे, आईच्या त्वचेशी धरणे, डोके झाकणे व कोरड्या कापडात गुंडाळणे हे उपाय आज सर्वत्र सांगितले जातात. डोके, कान व पाठ एकत्र झाकणारी कुंची व पातळ थरांचे दुपटे यांची उपयुक्तता या ज्ञानाने स्पष्ट झाली.

याचा सर्वांत ठळक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धती राबविली. आरोग्यदूत म्हणून काम करणाऱ्या या स्त्रियांच्या साहित्यात तापमापक, वजनकाटा व औषधे यांच्या बरोबरीने बाळाला ठेवण्यासाठी उबदार कापडाची शिवलेली पिशवी, टोपडे व पांघरूण यांचाही समावेश होता. या गावांतील नवजात मृत्युप्रमाण दर हजारी सु. ६२ वरून सु. २५ वर आले. त्याचे श्रेय केवळ कापडाला नाही. जंतुसंसर्गावरील उपचार, स्तनपान व आरोग्यशिक्षण यांचा वाटा मोठा होता. तथापि बाळासाठी शिवलेले कापड प्रथमच औषधांच्या यादीत, मोजमापासह दाखल झाले, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. २०११ पासून ही पद्धती आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर अवलंबिण्यात आली.

शासन व बाजार : बाळंतविडा देणे ही समाजाची, म्हणून शासनाची, जबाबदारी मानता येते, हा विचार यूरोपमध्ये फिनलंडने रूढ केला. तेथे १९३८ मध्ये गरीब मातांसाठी व १९४९ पासून सर्व मातांसाठी बाळाच्या कपड्यांची पेटी देण्यात येऊ लागली. सुरुवातीच्या काळात त्या पेटीत शिवलेल्या कपड्यांबरोबर कापडही असे, कारण बाळाचे कपडे घरी शिवण्याची सवय मातांना होती. पेटी मिळविण्यासाठी गर्भारपणात डॉक्टरकडे वा प्रसूतिकेंद्रात तपासणी करून घेण्याची अट पुढे घालण्यात आल्याने कापडाच्या निमित्ताने वैद्यकीय देखरेखही घडून आली. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये सरकारी रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत पहिली प्रसूती होणाऱ्या मातांसाठी सु. दोन हजार रुपये किंमतीचा बाळाच्या कपड्यांचा व साहित्याचा संच देण्याची योजना सुरू केली. प्रसूती घराऐवजी संस्थेत व्हावी, हा तिचा एक हेतू होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये महाराष्ट्रातील सु. ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत झाल्या. राज्यातील अर्भकमृत्यूचे प्रमाणही २०२० पर्यंत हजारी १६ पर्यंत उतरले.

याच काळात घरातील कापडही बदलले. १९६० नंतरच्या दशकांत नायलॉन व पॉलिएस्टर धाग्यांच्या साड्या स्वस्त व टिकाऊ म्हणून ग्रामीण भागातही पसरल्या. त्या विरत नाहीत, त्यांचे रंग जात नाहीत. पण त्या पाणी शोषत नाहीत व बाळाच्या त्वचेला सोसत नाहीत. मोठ्या माणसांच्या गोधडीस त्या चालल्या. दुपट्यासाठी मात्र मऊ सुती लुगडे शोधावे लागू लागले. एकदाच वापरून टाकावयाच्या लंगोटांनी बाळुत्यांचे धुणे कमी केले. पुण्यासारख्या शहरांत गोधडी शिवून देणाऱ्या स्त्रिया मजुरी घेऊन हे काम करतात, बचत गटांच्या प्रदर्शनांतून गोधड्या विकल्या जातात आणि बाळंतविड्याचे तयार संच दुकानांत मिळतात. डोहाळजेवणालाच बाळासाठी नवे कपडे भेट देण्याची पद्धतही शहरांत दिसते. जुने आधी व नवे मागून हा क्रम अनेक घरांत उलटला आहे. जन्मणारे बाळ जगेलच, हा विश्वास बळावल्याचे हे लक्षण होय.

वापराविषयीच्या काही जुन्या सवयी मात्र आजच्या ज्ञानानुसार सुधाराव्या लागतात. बाळाला गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधल्यास खुब्याच्या सांध्याला अपाय होण्याची शक्यता असते. म्हणून पाय हलविता येतील इतकी सैल घडी ठेवावी लागते. निजलेल्या बाळाच्या चेहऱ्यावर येऊ शकेल असे जाड, सैल पांघरूण पहिल्या वर्षात टाळावे, असेही बालरोगतज्ज्ञ सांगतात. स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळविलेले व पातळ थरांचे सुती दुपटे या कसोट्यांना उतरते.

दुपटी व बाळुती वापरून संपतात. एका बाळाचे दुपटे धाकट्या भावंडांना व पुढे पायपुसण्याला जाते. त्यामुळे संग्रहालयांत जरीच्या कुंच्या जपल्या गेल्या तरी रोजचे दुपटे सहसा आढळत नाही. ते शिवणाऱ्या स्त्रियांची नावेही कोठे नोंदलेली नाहीत. भाषेत टिकलेले शब्द, रूढी, वृद्ध स्त्रियांच्या आठवणी व मृत्यूंच्या नोंदवह्या यांवरूनच त्यांच्या श्रमांचा इतिहास जुळवावा लागतो. भोर-वेल्ह्यासारख्या मुलखातील नऊवारी नेसणाऱ्या वयोवृद्ध स्त्रियांकडे या कामाची माहिती अद्याप असून, टाक्यांचे प्रकार, थरांची संख्या, कापडाची निवड व त्यांमागील समजुती यांची पद्धतशीर नोंद त्यांच्या हयातीतच होणे अगत्याचे आहे.